चढावरचा पेशंट

इंगळे सिस्टर माणूस भेटला की नमस्कार नंतर करतात. आधी त्यांचा अंगठा पुढे येतो, तुमच्या डोळ्याखालची कातडी खाली ओढली जाते, सिस्टर मान वाकडी करून आत बघतात आणि निकाल देतात, "पांढरं आहे. पालक खात जा." मग म्हणतात, "जय भीम. बसा."

यातून कुणी सुटलेलं नाही. वीजमीटर बघायला आलेला माणूस, गावचे तलाठी, माझे सासरे. एकदा मत मागायला आलेल्या उमेदवाराची कातडी त्यांनी त्याच्या कार्यकर्त्यांसमोर ओढली होती. "रक्त भरपूर आहे," त्या म्हणाल्या, "काम करायले हरकत नाही." एका लग्नात तर त्यांनी स्टेजवर जाऊन नवऱ्यामुलाला तपासलं आणि नवरीला कानात सांगितलं, "घाबरू नको, चालते."

पस्तीस वर्षं त्या जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत नर्स होत्या. "अर्धा तालुका माह्या हातात पडला," असं त्या म्हणतात, आणि ते खोटं नाही. बुलढाण्याच्या बसस्टँडवर मी स्वतः पाहिलं आहे, मिशीवाले बाप्ये येऊन त्यांच्या पाया पडतात आणि सिस्टर त्यांना विचारतात, "नाळ बरोबर सुकली होती ना तुही?" लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही, ते विचारायची सोय नव्हती. विचारणारा जवळ आला की अंगठा पुढे यायचा.

मी बुलढाण्यात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. आमचं घर गावाबाहेर, मोताळ्याकडे घाट उतरायला लागतो त्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून आहे. घरामागून एक टेकाड वर जातं. दगड, मुरूम आणि सीताफळाची झाडं, याशिवाय त्यावर काही नव्हतं. रिटायर झाल्यावर सिस्टरनी ते विकत घेतलं आणि अगदी माथ्यावर, जिथे थोडी सपाट जागा आहे, तिथे दोन खोल्या बांधल्या. खाली रस्त्याशेजारी जागा असताना वर का, असं सगळ्यांनी विचारलं. "वर हवा चांगली आहे," एवढंच उत्तर मिळालं.

वर जायला मुरमाची वाट आहे. अर्ध्यावर एक वळण, वळणानंतर एक पळस, आणि पळसापासून माथ्यापर्यंत असा उभा चढ की मी दोनदा थांबतो. बासष्टाव्या वर्षी सिस्टर दिवसातून दोनदा पिशव्या घेऊन चढतात. मी मागे पडलो की वरून आवाज येतो, "सर, नाडी मोजा. शंभराच्या वर गेली तर खाली बसून घ्या. लाजू नका."

अशा बाईंनी एके दिवशी ट्रॅक्टर आणला. फळबागेत चालवतात तसला लहानसा, एका बंद पडलेल्या रोपवाटिकेतून उचललेला. एक दिवा फुटलेला, रंग उडालेला, हॉर्न दाबला की जुना दमेकरी खोकल्यासारखा आवाज. मागे एक छोटी ट्रॉली. मला वाटलं, सीताफळांना शेणखत टाकायला आणला असेल. सिस्टरनीही तेच सांगितलं. आठवडाभर रस्त्यावर चालवायला शिकल्या, आणि एका सकाळी त्यांनी तो टेकडीकडे वळवला.

सपाटीवर तो ठीक चालला. वळणावर आला आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मुरूम उडाला, रबर जळल्याचा वास आला, आणि ट्रॅक्टर हळूहळू मागे सरकायला लागला. सिस्टरनी ब्रेक दाबला, मी पळत जाऊन चाकामागे दगड लावला. त्या शांतपणे खाली उतरल्या, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "याले ॲडमिट करा लागते."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर टेकडीखाली, रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली उभा होता आणि त्याच्या स्टिअरिंगला दोरीनं एक वही बांधलेली होती. त्या वहीचं पहिलं पान मला पाठ आहे. पेशंटचं नाव: छोटा ट्रॅक्टर. वय: सांगतो त्याहून जास्त. भूक: चांगली. तक्रार: सपाटीवर बरा, चढावर पाय घसरतात. पूर्वीचे आजार: मालकाने लपवले.

त्याच रविवारी सिस्टर आमच्या दारात आल्या.

"सर, तुम्ही पोराइले घर्षण शिकवता ना?"

"हो."

"मग चला."

मी चहा अर्धा टाकून गेलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. वीस वर्षं मी फळ्यावर उतार काढतो आहे, त्यावर चौकोनी ठोकळा ठेवतो आहे, पण माझ्या ठोकळ्यासाठी कुणी घरी बोलवायला आलं नव्हतं. मी त्यांच्या वहीतच आकृती काढली, वजनाचे दोन भाग करून दाखवले, बाण काढले, आणि कोन एका मर्यादेपलीकडे गेला की वस्तू घसरणारच हे सिद्ध केलं.

सिस्टरनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे करा काय लागते?"

"म्हणजे... एक तर उतार कमी करायला हवा."

कळा सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी बायकोला बैलगाडीत घालून आणणाऱ्या नवऱ्याकडे त्या कशा बघत असतील, ते मला त्या क्षणी कळलं. "टेकडीची सूज काय गोळीनं उतरते का, सर?" त्या म्हणाल्या आणि वही मिटली.

मग बुलढाण्याहून शकूरभाई मिस्त्री आले. चाळीस वर्षं ट्रॅक्टरच करणारा माणूस. त्यांनी खाली न वाकताच सांगितलं, "बाई, विकून टाका याले. चढाचं काम नाही याचं." सिस्टरनी अंगठा पुढे केला, शकूरभाईंची कातडी ओढली आणि बराच वेळ बघत राहिल्या. "पिवळं आहे. ट्रॅक्टर राहू द्या, आजच्या आज रक्त तपासा."

शकूरभाई चिडून गेले. पण घाबरलेही असणार, कारण त्यांनी रक्त तपासलं आणि कावीळ निघाली. महिन्याभरानं ते परत आले तेव्हा निम्मे झाले होते. येताना आपला हत्यारांचा डबा घेऊन आले आणि कडुलिंबाखाली फतकल मारून बसले. "सिस्टर," ते म्हणाले, "तुमच्या पेशंटले मी बरा करतो. पैशाची गोष्ट काढू नका."

खरे उपचार तिथून सुरू झाले.

पहिली गोष्ट हवेची निघाली. सिस्टर रोज सकाळी टायरचं बीपी घेत होत्या आणि ते कमी पडू देत नव्हत्या. टायर दगडासारखे टणक होते. शकूरभाईंनी सुस्कारा टाकला. "याले ट्रकसारखं नसते फुगवायचं. कडक टायर जमिनीले बोटाच्या टोकानं धरते. थोडा नरम केला तर पंजा पसरते." मागच्या चाकांतली हवा त्यांनी चौदा पाउंडावर आणली. सिस्टरना ते जड गेलं. वहीत त्यांनी लिहिलं, बीपी लो, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने. त्या दिवशी ट्रॅक्टर वळण पार करून चार हात पुढे गेला आणि मग घसरला.

दुसरी गोष्ट वजनाची. मागच्या चाकांवर भार नाही म्हणून ती जमीन धरत नाहीत, हे माझ्या आकृतीतही होतं, पण भार कसा घालायचा ते आकृतीत नव्हतं. शकूरभाई म्हणाले, टायरमध्ये पाणी भरा, तीन हिस्से पाणी, एक हिस्सा हवा. पाणी भरायचं यंत्र उद्या आणतो म्हणाले. सिस्टरना उद्यापर्यंत दम कुठला. त्यांनी चाक जॅकवर उचलून व्हॉल्व्ह वर येईल असं फिरवलं, कडुलिंबाच्या फांदीला वीस लिटरचा कॅन टांगला, त्याला नळी लावली आणि ट्रॅक्टरला सलाइन चढवलं.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते चाललं होतं. मधून मधून त्या नळी काढून टायरमधली हवा सोडायच्या, पुन्हा नळी लावायच्या, कॅन भरायच्या. बाजूला खुर्ची टाकून बसल्या होत्या. रस्त्यानं जाणारे लोक थांबायला लागले तेव्हा त्यांनी हात केला. "पेशंटजवळ गर्दी नाही. ज्याले पाहायचं असन त्यानं दुरून पाहा." लोक खरोखरच चार पावलं मागे सरले. एका म्हाताऱ्यानं तर टोपी काढली.

आता ट्रॅक्टर पळसापर्यंत जायला लागला. पळसाच्या पुढे मात्र काही केल्या जाईना. इथे माझा एकदाच उपयोग झाला. सिस्टरनी मला वाटेच्या कडेला उकिडवं बसवलं आणि सांगितलं, मी चढवते, तुम्ही फक्त पायाकडे पाहा, तोंडाकडे पाहू नका. मी पाहिलं. उजवं चाक गरगर फिरत होतं आणि डावं चाक स्वस्थ उभं होतं.

"सिस्टर, एकच चाक फिरतंय."

"अन् दुसरं काय करते?"

"उभं राहून बघतंय."

"नवरा आहे का तो?" सिस्टर म्हणाल्या.

शकूरभाई हसता हसता खाली बसले आणि मग एकदम गंभीर झाले. ट्रॅक्टरखाली सरपटत गेले, चालवणाऱ्याच्या उजव्या टाचेखालचा वर्षानुवर्षांचा चिखल आणि ग्रीस खरवडलं, आणि आतून एक गंजलेला पेडल निघाला. तो दाबला की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात, एक घसरलं तरी दुसरं ओढून नेतं. रोपवाटिकेतल्या सपाट जमिनीवर त्याची कुणाला गरजच पडली नव्हती. तो इतका जाम झाला होता की दोन दिवस डिझेलमध्ये भिजवावा लागला. तिसऱ्या दिवशी हलला. शकूरभाईंनी सिस्टरना तीन तीनदा बजावलं, सरळ चालतानाच दाबायचा, वळताना सोडायचा, नाही तर ट्रॅक्टर वळणार नाही आणि आतले दात तुटतील. सिस्टरनी ते लाल पेनानं लिहून घेतलं.

याच सुमारास मला एक गोष्ट खटकायला लागली. शेणखताचा कुठेच पत्ता नव्हता.

ट्रॉलीत सिस्टरनी हातांची एक लाकडी खुर्ची नटबोल्टनं बसवली होती, आणि त्या खुर्चीवर हरभऱ्याचं एक पोतं बसवून जुन्या साडीनं नीट बांधलं होतं. पोतं काट्यावर मोजलं होतं. मी पाहिलं तेव्हा त्या ओंजळीनं हरभरा काढत होत्या, मग पुन्हा दोन मुठी टाकत होत्या. "शहाऐंशी," त्या स्वतःशी म्हणाल्या. पोत्यासमोर एका स्टुलावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला असायचा. ट्रॅक्टर वर नेताना पाणी सांडलं की सिस्टर वहीत लिहायच्या, आज नाही.

"सिस्टर, हे काय चाललंय?"

"ट्रायल."

"कसली?"

"सर, तुमच्या कॉलेजात प्रॅक्टिकल नसते का? मग."

रोज सकाळी कॉलेजला निघताना मला ते दृश्य दिसायचं. पुढे पाठ ताठ करून बसलेल्या सिस्टर, मागे खुर्चीत साडी नेसलेलं पोतं, आणि दोघी धडधडत वर चालल्या आहेत. पळसाच्या पुढे धक्का बसायचा आणि पेला लवंडायचा. मग सिस्टर खाली उतरून वाटेवरचे दगड वेचत बसायच्या. एकेक खडा उचलून कडेला. त्यांनी ती सगळी वाट अशी वेचून काढली, तांदूळ निवडतात तशी.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. त्या सकाळी मी आणि शकूरभाई दोघंही खाली होतो. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये निघाला, वळण घेतलं, सिस्टरची टाच पेडलवर गेली, पळस मागे पडला, आणि तो म्हातारा कुठेही न अडखळता माथ्यावर जाऊन उभा राहिला. आम्ही धापा टाकत वर पोचलो. पेला भरलेला होता. स्टुलावर थोडा ओलावा, बस्स.

सिस्टर ट्रॅक्टरवरून उतरल्या नाहीत. इंजिन बंद केलं, पदरानं चेहरा पुसला आणि तिथेच बसून फोन लावला. आमच्याकडे त्यांची पाठ होती. "हाव, मी," त्या म्हणाल्या. "आता ये... नाही, खांद्यावर नाही. बसून... खुर्चीत, विमल. राणीसारखी."

शकूरभाई खाली गेल्यावर सिस्टरनी मला सांगितलं. एरवी त्या स्वतःबद्दल बोलत नाहीत.

विमल त्यांच्याबरोबरची नर्स. वरवट बकालच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला एका उपकेंद्रात दोघी अकरा वर्षं एका क्वार्टरमध्ये राहिल्या. विमल लवकर विधवा झालेली, कडेवर मुलगा. तो मुलगा दोघींनी वाढवला. एक ड्युटीवर गेली की दुसरी त्याला सांभाळायची. संध्याकाळी दोघी पायरीवर बसायच्या, समोर डोंगर. इतका जवळ की मान वर करून बघावं लागायचं. विमल नेहमी म्हणायची, याले एकदा लांबून पाहा लागते, जवळून काही समजत नाही. मग बदल्या झाल्या. एक दुसरबीडकडे, एक मलकापूरला. तेव्हा ठरलं होतं की रिटायर झाल्यावर एकत्र राहायचं, जिथून तो डोंगर लांबून दिसेल अशा जागी.

"दिसतो का इथून?" मी विचारलं.

"हिवाळ्यात. हवा साफ असली तं." त्यांनी उत्तरेकडे बोट केलं. खाली मोताळ्याकडचा सगळा सपाट मुलूख पसरलेला होता, आणि त्याच्या शेवटी, आभाळाला लागून, एक पुसट निळी रेघ. मी इतकी वर्षं खाली राहतो, मला ती माहीत नव्हती.

"मग त्या राहायला का आल्या नाहीत?"

"गुडघे गेले तिचे. वॉकर घेऊन चालते. मी सांगतलं, चार जण तुले खुर्चीसकट उचलून आणतील. तं म्हणे, चार जणाच्या खांद्यावर मी एकदाच जाईन, सुभद्रे, घाई नको करू."

विमलबाई डिसेंबरात आल्या. मुलगा गाडीनं घेऊन आला. गोल चेहरा, पांढरे केस, अंगानं भरपूर. गाडीतून उतरून वॉकरवर उभ्या राहिल्या आणि सिस्टर पुढे झाल्या. पुढे जे झालं ते पाहून त्यांचा मुलगा हसला नाही, मीच हसलो. दोघींचे अंगठे एकाच वेळी पुढे आले. दोघींनी एकमेकींच्या डोळ्याखालची कातडी ओढली आणि तशाच उभ्या राहून बघत राहिल्या.

"पांढरं आहे," सिस्टर म्हणाल्या.

"तुहं काय लाल आहे का," विमलबाई म्हणाल्या.

त्यांना खुर्चीत बसवलं. सिस्टरनी साडी बांधायला घेतली तर त्या म्हणाल्या, "पोतं समजली का मले?" सिस्टरनी तरी गाठ मारली. ट्रॅक्टर निघाला. मी आणि मुलगा मागून चालत होतो. पळसाच्या पुढच्या चढावर विमलबाईंनी एकदाच खुर्चीचे हात घट्ट धरले. मग सोडले आणि सीताफळांकडे बघायला लागल्या.

वर दोघी बाजेवर बसल्या. धुकं होतं, रेघ दिसत नव्हती. अकराच्या सुमाराला ते विरलं.

"कोठी आहे तो डोंगर?"

"ते झाड पाह्य. त्याच्या शेंड्यावरून बोट सरळ ने."

विमलबाईंनी बोट नेलं. डोळे बारीक केले. "इतकासाच?"

"लांब आहे ना."

"अन् आपण याच्याखाली किती भेत होतो. नाल्याच्या पुरात तू मले कमरेले साडी बांधून ओढलं होतं, ध्यानात आहे?"

"मी नाही, तू मले ओढलं होतं."

यावर त्यांचा थोडा वाद झाला. मी स्वयंपाकघरात चहा बघत होतो. मुलगा फोनवर बोलत बाहेर फिरत होता. तेवढ्यात विमलबाई सहज म्हणाल्या, "उन्हाळ्यात आम्ही पुण्याले चाललो. याची बदली झाली. सहावा माळा आहे म्हणे. लिफ्ट आहे, बटन दाबलं का वर. गुडघ्याले कामच नाही."

चहा उतू जायला आला होता, मी गॅस बारीक केला.

"चांगलं झालं," सिस्टर म्हणाल्या. "लेकाजवळ असलं का चिंता नाही."

जरा वेळानं विमलबाई वॉकर घेऊन आत गेल्या. त्या दुसऱ्या खोलीत दोन पलंग आहेत. एक नेहमीसारखा, एक पायाखाली विटा देऊन उंच केलेला. बाथरूमला उंबरा नाही, भिंतीला धरायला दोन स्टीलच्या दांड्या आहेत. मी ते ट्रायलच्या दिवसांत पाहिलं होतं आणि सिस्टर पुढचा विचार करतात असं वाटून गप्प बसलो होतो.

विमलबाई बाहेर आल्या त्या दारातच थांबल्या. "काऊन वं सुभद्रे, ह्या दांड्या कोणासाठी लावल्या? तुहे गुडघे तं घोडीसारखे आहेत."

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. ज्या बाईनं उमेदवाराला तोंडावर सांगितलं, शकूरभाईंना तोंडावर सांगितलं, त्या बाईच्या तोंडाकडे मी बघत राहिलो.

"गवंड्यानं चुकून लावल्या," सिस्टर म्हणाल्या. "कोण काढत बसन."

विमलबाई त्यांच्याकडे पाहत उभ्या होत्या. मग त्यांनी वॉकर पुढे सरकवला. "चांगल्या लावल्या," त्या म्हणाल्या. "उंची बरोबर आहे."

चारला त्या निघाल्या. उतार चढापेक्षा वाईट असतो. शकूरभाईंनी सांगितलं होतं, पहिल्या गिअरमध्ये घ्यायचा आणि क्लचला पाय लावायचा नाही. सिस्टरनी तसाच घेतला, पण इतका सावकाश की मला मागून चालताना थांबून थांबून चालावं लागत होतं. मुलगा खाली गाडीपाशी घड्याळ बघत होता. गाडीत बसल्यावर विमलबाईंनी काच खाली केली, काही सांगायचं असावं, पण म्हणाल्या एवढंच, "पालक खात जा."

गाडी घाटाकडे गेली. सिस्टर ट्रॅक्टर तिथेच रस्त्याकडेला सोडून वर चालत निघाल्या. मला एकट्यानं घरी जाववेना, मीही मागे गेलो. वर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. त्या बाज उचलून ठेवत होत्या आणि त्यांचा फोन वाजला. त्यांनी बाज खाली टेकवली आणि फोन तिच्यावरच ठेवून स्पीकर लावला.

"सुभद्रे, घाट उतरलो आम्ही. गाडी थांबवली मी. तुही टेकडी कोणती? इथून साऱ्या सारख्या दिसतात. काही हलवून दाखव."

सिस्टरनी इकडेतिकडे पाहिलं. दोरीवर सकाळची धुतलेली पलंगावरची चादर वाळत होती, गुलाबी फुलांची. त्यांनी ती ओढून घेतली, टेकडीच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरून हलवायला लागल्या. वारा होता, चादर फडफडत होती. मी फोन उचलून त्यांच्याजवळ नेला.

"दिसून राह्यलं का?"

पलीकडे जरा वेळ फक्त गाड्यांचे आवाज आले.

"हाव," विमलबाई म्हणाल्या. "दिसलं. पांढरं शुभ्र आहे."

"हाव," सिस्टर म्हणाल्या. "पांढरंच आहे."

एवढ्या अंतरावरून चादर दिसू शकत नाही. डोळ्याला किती लांबचं काय दिसतं, हा धडा मी दरवर्षी शिकवतो. मी फोन धरून उभा राहिलो. पलीकडून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि मग फोन बंद झाला. सिस्टर आणखी थोडा वेळ चादर हलवत होत्या.

मग त्यांनी हात खाली घेतले आणि चादरीची दोन टोकं माझ्याकडे केली.

"धरा सर. मोठी आहे, एकटीनं घडी बसत नाही."

मी टोकं धरली. त्यांनी चादर ताणली, झटकली, आणि आम्ही घडी घालायला एकमेकांकडे चालत आलो.